मी गप्प म्हणजे बरोबर

आमच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये सगळे मला पाठीमागे ‘हॉर्न’ म्हणतात. मला माहीत आहे. म्हणू देत. वीस वर्षं शेजारच्या सीटवर बसून लोकांना क्लच आणि ब्रेक यांतला फरक सांगतेय, आवाज काय कोकिळेचा राहणार? माझा धाकटा भाऊ गुंड्या मात्र सगळ्यांचा लाडका. ‘सर किती शांत आहेत हो!’ शांत म्हणे! तो शांत कसा झाला ते मीच सांगते, कारण त्या सगळ्यात पहिलं शेण मीच खाल्लंय.

आधी आमच्या स्कूलची पद्धत सांगायला हवी. बाबांनी स्कूल काढलं तेव्हा एक नियम घालून दिला. मास्तरने शेजारी बसून बडबड करायची नाही, शिकणारा आणखी बावचळतो. पहिल्या दिवशीच त्याला सांगून ठेवायचं, ‘मी गप्प म्हणजे बरोबर. चुकलात तर बोलेन. वळायचं असेल तर सांगेन. नाही बोललो तर सरळ जात राहा.’ बाबा गेले, नियम राहिला. मला तो कधीच जमला नाही, माझ्या तोंडाचा पट्टा गाडीत बसल्याबसल्या सुरू होतो. गुंड्याला जमायचा. तो मुळात भित्रा, मान खाली घालून बसणारा, पण डोळे रस्त्यावर आणि पाय त्याच्या ब्रेकवर. आमच्या गाड्यांना मास्तरच्या पायाशीही एक ब्रेक असतो.

तीन वर्षांपूर्वी त्याच्याकडे एक बँकेतला साहेब शिकायला होता. साहेबांनी चौकात ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला. समोरून सायकलवर एक आजोबा चाललेले. गुंड्याने त्याच्या बाजूचा ब्रेक दाबला, पण क्षणभर उशिरा. आजोबांचं खांद्याचं हाड मोडलं. दोन महिन्यांत आजोबा परत सायकलवर दिसले, साहेब तर त्याच आठवड्यात दुसऱ्या स्कूलमध्ये गेले. सगळं सुरळीत झालं. फक्त गुंड्याचे हात थरथरायचे थांबेनात.

अपघातानंतर चौथ्या दिवशी सकाळी तो गाडीच्या दाराला धरून उभा राहिला, आत काही बसेना. बाहेर शिकणारे ताटकळलेले. त्या वर्षी मला झोप येत नव्हती म्हणून डॉक्टरांनी दहा दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या, त्यातल्या तीन पर्समध्ये उरल्या होत्या. मी एक मोडली, अर्धी त्याच्या हातावर ठेवली, पाण्याची बाटली पुढे केली. वीस मिनिटांत गडी गाडीत. हात स्थिर, चेहरा असा की नुकताच सुट्टीवरून आलाय. मला वाटलं, काय जादू आहे! डॉक्टरच व्हायला हवं होतं मी. माझा शहाणपणा पहिल्यापासूनच उतू जात होता.

पुढचं त्याने स्वतःचं स्वतः जमवलं. एका डॉक्टरकडून महिनाभराची चिठ्ठी घेतली. मग त्या चिठ्ठीच्या झेरॉक्स काढल्या. मग तीन वेगवेगळी मेडिकल स्टोअर्स, तीन वेगवेगळ्या दिशांना. अर्धीची एक झाली, एकीच्या दोन, मग सकाळ-दुपार-संध्याकाळ. हे सगळं मला खूप नंतर कळलं. तेव्हा कळलं ते एवढंच, की गुंड्याबद्दल एकही तक्रार येत नाही. शिकणारे खूश. त्याची बायको खूश, कारण घरात वाद म्हणून राहिला नाही. तिने काहीही म्हटलं की हा ‘हो’ म्हणायचा. लग्नाला चौदा वर्षं झालेल्या बाईला आणखी काय हवं? आणि मी सगळ्यात खूश. त्याच्या बॅचेस भरलेल्या असायच्या.

आता मागे वळून बघितलं की माझंच मला कपाळ बडवून घ्यावंसं वाटतं. तो बोलता बोलता मध्येच थांबायचा आणि काय सांगत होतो ते विसरायचा. एकदा त्याने एकाच बाईची परीक्षेची फी दोनदा भरली आणि दुसरीची भरलीच नाही. एकदा माझ्या वाढदिवसाला सकाळी शुभेच्छा दिल्या, दुपारी परत दिल्या, संध्याकाळी विचारलं, ‘ताई, तुझा वाढदिवस या महिन्यात असतो ना?’ आम्ही सगळे पोट धरून हसलो. तोही हसला, जरा उशिराने. जीभ जड झालेली, पापण्या अर्ध्यावर. मी म्हणायचे, ‘अरे, झोप घेत जा नीट!’ तो म्हणायचा, ‘घेतो ना.’ त्यात खोटं काहीच नव्हतं, गाडीतसुद्धा घ्यायचा.

भांडं फुटलं ते दंतबाईंमुळे. दंतबाई म्हणजे दातांच्या डॉक्टर, पन्नाशीच्या, स्वतःचा दवाखाना असलेल्या. लोकांचे दात हसत हसत उपटणारी बाई, पण स्टिअरिंग धरलं की घामाघूम. त्यात शिस्तीची इतकी पक्की की सांगितलेलं अक्षर न् अक्षर पाळणार. एका मंगळवारी सकाळी आठला गुंड्याने त्यांना बाहेर काढलं. मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत तो बोलत होता. मग बोलेनासा झाला.

मी गप्प म्हणजे बरोबर! दंतबाई सरळ निघाल्या. गाव संपलं, कारखाने संपले. टोलनाका आला. यांनी तिथे काच खाली करून टोल भरला, नाक्यावरच्या माणसाने शेजारी बघितलं आणि ‘साहेब दमलेत वाटतं’ म्हणाला. दंतबाईंनी वळून बघितलं नाही, कारण नजर रस्त्यावरच ठेवायची असं त्यांना सांगितलेलं. फोन वाजला, तो उचलला नाही, कारण गाडी चालवताना उचलायचा नसतो. घाट आला. बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा घाट चढला, पहिल्यांदा उतरला. सर गप्प, म्हणजे सगळं बरोबरच असणार. त्रेचाळीस किलोमीटरवर धरणाच्या भिंतीपाशी रस्ताच संपला तेव्हा त्या थांबल्या आणि म्हणाल्या, ‘सर, आता?’

सर मान एका बाजूला टाकून, तोंड उघडं, घोरत होते.

माणसाचं उघडं तोंड बघणं हा बाईंचा धंदाच. त्यांनी त्याला हलवलं, गालावर मारलं, पापणी वर करून बघितली. दहा मिनिटांनी त्याने डोळे उघडले आणि म्हणाला, ‘छान. आता डावीकडे घ्या.’ डावीकडे पाणी होतं. बाईंनी गाडी वळवली आणि सगळा रस्ता एकटीच्या जिवावर परत चालवत आणली. आमच्या ऑफिसात आल्या तेव्हा त्यांचे डोळे चमकत होते. मला आधी वाटलं, भांडायला आल्यात. त्यांनी मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, ‘मॅडम, सर कसल्या गोळ्या घेतात?’

‘कसल्या गोळ्या? काही नाही घेत तो!’ मी म्हटलं.

‘घेतात,’ त्या म्हणाल्या. ‘पेशंटला गुंगी दिल्यावर कसा दिसतो ते मी रोज बघते. त्यांना चांगल्या डॉक्टरकडे न्या. लवकर न्या.’

माझ्या डोक्यात तिडीक गेली. डॉक्टरकडे न्या हे शेवटचं वाक्य माझ्या कानावरून गेलं, डोक्यात काही शिरलं नाही. मी तडक गुंड्याच्या घरी गेले. भावजयीला विचारलं तर ती दाराला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, ‘ताई, मला माहीत होतं. पण माणूस शांत झाला होता हो.’ तिला काय बोलणार? मी तरी काय वेगळं केलं होतं? दोघींनी मिळून घर पालथं घातलं. चष्म्याच्या घरात गोळ्या. बुटांच्या खोक्यात गोळ्या. गाडीच्या फर्स्ट एडच्या पेटीत बँडेज नाही, गोळ्या. सगळ्या गोळा करून मी एकेक पाकीट फोडलं, संडासात टाकलं आणि दोनदा पाणी सोडलं.

गुंड्या बाथरूमच्या दारात उभा राहून बघत होता. त्याचा चेहरा पांढरा पडला. ‘ताई, असं करू नकोस गं,’ तो म्हणाला. ‘मी एक दिवस नाही घेतली तर मला कसंतरी होतं.’

‘होऊ दे कसंतरी!’ मी ओरडले. ‘चार दिवस होईल आणि जाईल. सर्दी होऊन जाते तशी.’

काय तो माझा आत्मविश्वास! त्या दिवशी घरी जाऊन मी आरशात बघून स्वतःला शाबासकी द्यायचीच बाकी होती. भावाला वाचवलं! एका दुपारीत! आणि का एवढी घाई? खरं कारणही सांगून टाकते. मला गुंड्या परत त्या सीटवर हवा होता, डोळे उघडे असलेला. दोन गाड्या, दोन मास्तर, तर आमचं स्कूल. एक मास्तर गेला की अर्धं दुकान बंद. मला भाऊही हवा होता आणि मास्तरही, आणि दोन्ही लगेच हवे होते.

दुसऱ्या दिवशी त्याला घाम फुटला. हात असे थरथरत होते की पाण्याचा पेला धरवेना. रात्रभर डोळा लागला नव्हता, भिंतीवर मुंग्या फिरताहेत म्हणाला, भिंत तर नुकतीच रंगवलेली. भावजयीचा फोन आला, ‘ताई, डॉक्टरांना दाखवू का?’ मी म्हटलं, ‘अगं नाटकं आहेत, गोळी मागायची. अजिबात बधू नकोस.’ तिसऱ्या दिवशी दंतबाईंची शेवटची फेरी होती, लगेच पुढच्या दिवशी त्यांची लायसन्सची परीक्षा. मला माझी बॅच होती. मी गुंड्याला म्हटलं, ‘बाहेर पडलास की बरं वाटेल. नुसतं बसायचंय. बाई चालवतात आता छान.’ त्याला मी धरून गाडीत बसवलं. सीटबेल्टसुद्धा मीच लावला.

ऑफिसपासून दोन चौक पुढे, भर रस्त्यात त्याला झटका आला. पूर्ण अंग ताठ झालं, दात आवळले, आणि पाय ताठ झाले ते बरोबर त्याच्या ब्रेकवर. चालती गाडी जागच्या जागी थांबली. मागचा टेम्पो एक हात अंतरावर येऊन थांबला. दंतबाईंनी हँडब्रेक ओढला, धोक्याचे दिवे लावले, पट्टा सोडून सीट मागे पाडली आणि त्याला कुशीवर वळवून धरून ठेवलं. मागचे लोक शिव्या घालत खाली उतरले आणि काचेतून बघून गप्प झाले. मला बोलवायला चौकातला फुलवाला धावत आला. मी कशी पोचले ते मला आठवत नाही. गुंड्याच्या तोंडातून फेस आणि रक्त येत होतं, जीभ चावली गेली होती.

आता जे केलं ते सांगायची मला आजही लाज वाटते. हॉस्पिटलमध्ये एक तरुण डॉक्टर, चष्मेवाला, भराभर विचारत होता. आधी कधी फिट आली होती? डोक्याला मार? दारू? काही औषधं चालू? काही औषध अचानक बंद केलं? दंतबाई गाडी लावायला गेलेल्या, भावजय अजून वाटेत. उत्तर द्यायला मी एकटी. बाहेर आमची गाडी वळताना दिसत होती, दारावर स्कूलचं नाव एवढं मोठं. माझ्या डोक्यात काय आलं असेल? की ड्रायव्हिंग स्कूलचा मास्तर गोळ्या खातो हे बाहेर पडलं तर आमच्याकडे कुत्रं फिरकणार नाही. मी म्हटलं, ‘औषधं? छे. ऊन लागलं असेल.’

चष्मेवाल्याने माझ्याकडे बघितलं, बाहेर ढगाळ आभाळाकडे बघितलं आणि डोक्याचे फोटो काढायला सांगितले.

फोटो काढायला नेतानाच त्याला दुसरा झटका आला. पहिल्यापेक्षा मोठा. मी त्याचे पाय धरले होते, ते माझ्या हातातून सुटत होते. चेहरा निळा पडायला लागला. गुंड्या जन्मला तेव्हा मी नऊ वर्षांची होते, आईने त्याला माझ्या मांडीवर ठेवलं होतं आणि ‘मान सांभाळ’ म्हणाली होती. मी ओरडले. माझा तो सगळ्यांनी नावं ठेवलेला आवाज पूर्ण मजल्यावर घुमला. ‘गोळ्या घेतो तो! झोपेच्या, शांत राहायच्या! दोन वर्षं घेतो! मी परवा सगळ्या फेकून दिल्या!’

मग जी धावपळ झाली ती मी भिंतीला टेकून बघितली. सलाइनमधून कसलं तरी इंजेक्शन गेलं. त्याचं अंग सैल पडलं, रंग परत आला. चष्मेवाला घाम पुसत माझ्याजवळ आला. माझ्या मुलाच्या वयाचं पोर, पण मला असं झापलं की बाबांची आठवण झाली. ‘या गोळ्यांची शरीराला सवय लागली की त्या एकदम बंद करायच्या नसतात. माणूस जातो. घेण्यात जितका धोका तितकाच एका दिवसात सोडण्यात. महिनोन्महिने, डॉक्टरच्या देखरेखीखाली, थोड्या थोड्या कमी करतात. पहिल्यांदा विचारलं तेव्हाच सांगितलं असतंत तर दुसरा झटका टळलाही असता.’ मग त्याने विचारलं, मी काय करते. सांगितलं. तर म्हणाला, ‘मग तुम्हाला तर कळायला हवं, भरधाव गाडीला एकदम ब्रेक मारला की काय होतं!’ मला माझ्याच धंद्यातलं उदाहरण देऊन शिकवत होता आणि मला तोंड वर करायची सोय नव्हती.

गुंड्या वाचला. आठवडाभराने घरी आला. पुढे पाच महिने एका मोठ्या डॉक्टरीणबाईंनी त्याच्या गोळ्या वर्षाच्या पोराला भरवावं तशा मोजून मापून कमी केल्या. गोळ्यांचा डबा माझ्याकडे. रोज सकाळी मी त्याच्या घरी जायचे, ठरलेला तुकडा द्यायचे, तोंड उघडायला लावायचे. तो वैतागायचा. भावजयीशी भांडायचा. टीव्हीचा आवाज सहन होईना, झोप येईना, एका दिवशी त्याने भाजीत मीठ कमी म्हणून ताट ढकललं. भावजय माझ्याकडे येऊन रडली आणि मग रडता रडता हसायला लागली. ‘ताई, दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांना चव कळली,’ म्हणाली. दंतबाई परीक्षा पास झाल्या. त्या स्वतः गाडी चालवत त्याला भेटायला यायच्या आणि दाराशी गाडी लावताना दर वेळी भावजयीच्या कुंडीला धक्का द्यायच्या.

आणि मी? मी एकटी दोन मास्तरांच्या बॅचेस घेत होते. घसा बसला, कंबर धरली. पण एका गोष्टीवर डोळा होता. पाच महिने झाले, शेवटचा तुकडा संपला, आणखी महिनाभर डॉक्टरीणबाईंनी लक्ष ठेवलं. झटका नाही, गुंगी नाही. मी लायसन्सच्या ऑफिसातून, झटक्यानंतर जमा करावं लागलेलं मास्तरचं लायसन्स परत मागायचा फॉर्म आणला. सोबत तब्येतीचा दाखला लागतो, डॉक्टरीणबाईंनी तपासण्या लिहून दिल्या होत्या. सोमवारी सकाळी गुंड्याला ऑफिसात बोलावलं. फॉर्म मीच भरून ठेवला होता. खाली फुली मारली होती, इथे सही.

त्याने पेन हातात घेतलं. हात स्थिर होता, मी मुद्दाम बघितलं. पण पेन काही कागदावर टेकेना.

‘काय रे? चालत नाही का पेन? हे दुसरं घे.’

‘ताई, मला नाही बसायचं त्या सीटवर.’

‘आज कुठे बसायचंय? तपासण्या होतील, दाखला मिळेल, पुढच्या महिन्यात—’

‘कधीच नाही बसायचं.’ त्याने पेन खाली ठेवलं. ‘मला भीती वाटते गं. त्या आजोबांचा हात मला रोज दिसतो. चालत्या गाडीत दुसऱ्याच्या हातात स्टिअरिंग असताना शेजारी बसणं मला होत नाही. गोळी घेतली की होत होतं. म्हणून घेत होतो.’

मला राग आला. खोटं कशाला बोलू, आधी रागच आला. सहा महिने मी कंबर मोडून घेतली ती कशासाठी? ‘अरे, मग हे आधी का नाही बोललास?’ मी टेबलावर हात आपटला. ‘आम्हाला काय स्वप्न पडणार होतं?’

‘बोललो होतो,’ तो म्हणाला. आवाज अजिबात चढवला नाही. ‘चौथ्या दिवशी, गाडीपाशी. म्हटलं, ताई, मला नाही जमणार हे, मला दुसरं काहीतरी काम दे. तू म्हणालीस, लोक खोळंबलेत, ही घे.’

मी आठवायचा प्रयत्न केला. गाडीचं दार आठवत होतं. खोळंबलेले लोक एकेक करून आठवत होते, कोण कुठल्या बॅचचं ते सुद्धा. पाण्याची बाटली आठवत होती. त्याचं बोलणं आठवेना. तो बोललाच असणार. मी बोलत असताना तो बोलला असेल. गोळ्यांनी माझ्या भावाला शांत केलं असं मी सगळ्यांना सांगत सुटले होते, पण त्याला आधी गप्प मी केलं होतं.

मी फॉर्म उचलला आणि त्याच्यासमोर फाडून टाकला. ‘मग काय करणार तू?’

‘माहीत नाही,’ गुंड्या म्हणाला. ‘आधी थोडे दिवस नुसता घाबरून बघतो. गोळीशिवाय.’

‘घाबर,’ मी म्हटलं. ‘हवा तेवढा घाबर. मी इथेच आहे.’ आणि मग मला असं रडू फुटलं की आवरेचना, चांगलं भोकाडच पसरलं मी. तर मेला म्हणतो कसा, ‘ताई, हळू. बाहेर लोक आहेत.’